ताटाची डावी बाजू

डभोई हे बडोद्यापासून तीसेक किलोमीटरवरचं तटबंदीचं जुनं गाव. मराठी वाचकाला ते आठवतं ते 1 एप्रिल 1731 च्या लढाईमुळे. गावाजवळच्या भिलापूरपाशी थोरले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे समोरासमोर आले, दाभाडे पडले आणि पुढे गुजरातची सूत्रं हळूहळू गायकवाडांकडे गेली. रेल्वेच्या अभ्यासकांना डभोई आठवतं ते 1862 साली इथून मियागामपर्यंत टाकलेल्या अरुंद रुळांमुळे, ज्यांवरून सुरुवातीला बैल गाड्या ओढत. आपल्या विषयाला, म्हणजे घरातल्या कच्च्या आहाराला, मात्र या गावाची तिसरी ओळख लागते. 30 ऑगस्ट 1883 रोजी इथल्या एका मराठी घरात जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला. पुढे ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले आणि 1924 साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली.

बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावलं आणि नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. पण त्यांचं वेगळेपण पुढे आहे. उड्डियान आणि नौली या क्रियांनी पोटात नेमकं काय होतं, हे 1920-21 मध्ये त्यांनी बडोद्याच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत तपासून पाहिलं. परंपरा सांगते म्हणून मानायचं नाही आणि झिडकारायचंही नाही, आधी मोजायचं, हा त्यांचा बाणा. घरात एकाने ‘आजपासून मी शिजवलेलं खाणार नाही’ असं जाहीर केलं, की उरलेल्यांना हाच बाणा उपयोगी पडतो.

एका घरात किती रीती?

अशी घोषणा आता नवलाची राहिलेली नाही. कुणाला मधुमेहाच्या धास्तीने, कुणाला वजनामुळे, कुणाला निसर्गोपचाराच्या शिबिरातून कच्च्या आहाराची ओढ लागते. गुजरातेत तर ‘नवी भोजनप्रथा’ या नावाने हा विचार घरोघर पोचला आहे. दिवसा पानांचे रस, कोशिंबिरी, फळं आणि शिजवलेलं जेवण एकदाच, असं तिचं साधारण रूप.

पण घर एकट्याचं नसतं. डभोई-बडोद्याकडच्या मराठी घराचंच पाहा. आजींना एकादशी आणि चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. आजोबांना मऊ वरणभात. मुलाला रविवारी रस्सा हवा, सुनेच्या माहेरची गोडसर डाळ आणि फुलके रोजचे, नातवंडांना सगळ्यातलं तळलेलं तेवढंच. शेजार जैन असेल तर आणखी एक गंमत कळते. जैन मुनी उपाध्याय यशोविजयजींनी सतराव्या शतकात देह ठेवला तो डभोईतच, त्यामुळे जैनांना हे गाव तीर्थासारखं. त्यांच्या आचारात कच्ची भाजी सजीव मानली जाते. साधू-साध्वी ती घेत नाहीत, पाणीही उकळलेलंच पितात आणि आठम-चौदसीला अनेक गृहस्थ हिरवी भाजी सोडतात. आपल्या घरातला कच्चाहारी ज्याला सात्त्विकतेची शेवटची पायरी समजतो, तेच शेजारच्या दाराआड टाळलं जातं. योगाचं शास्त्रही कच्चाहाराच्या बाजूने सरळ उभं राहत नाही. हठप्रदीपिकेच्या पथ्यात गहू, तांदूळ, जव, दूध, तूप, मूग यांना मान आहे. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवा, हा तिचा आग्रह आहे, चूल विझवा असा नाही. चरकही अन्न उष्ण आणि स्निग्ध असावं म्हणतो.

म्हणून ‘माझंच शुद्ध’ हा सूर पहिल्या दिवशीच बाजूला ठेवलेला बरा. घरात भांडण पदार्थावरून क्वचित होतं, ते त्या सुरावरून होतं.

पानात आधीपासून आहेच

मराठी पानाची रीत आठवा. वर मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधे भात. डावी बाजू बरीचशी न शिजवलेल्याची असते. काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कोबीची पचडी, ओल्या नारळाची चटणी, दही हे सगळं चुलीवर न चढता पानात येतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ ही भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ आणि किसलेली कैरी, वरून फोडणी. ओटीत घातलेले भिजवलेले हरभरे आपण कुणाला न विचारता खातो.

गुजरातने या डाव्या बाजूत आणखी भर घातली आहे. हिवाळ्यात बाजारात पिवळी ओली हळद आणि आंबेहळद येते. तिच्या चकत्या मीठ-लिंबू लावून पानात घेतात. मोगरी, म्हणजे आपल्या डिंगऱ्या, तशाच चावून खातात. हिरवा लसूण, पातीचा कांदा, हरभऱ्याचे घाटे, मुळ्याचा कोवळा पाला, आवळा, बोरं, पेरू असा सगळा मेळा तीन-चार महिने असतो. नव्या आहाराची बी-बियाणं परदेशातून मागवावी लागत नाहीत, आहे त्या डाव्या बाजूला जागा वाढवून द्यावी लागते.

गांधींनी केलेला प्रयोग

कच्च्या आहाराचा सर्वांत प्रामाणिक हिशेब ठेवणारा माणूस गुजराती होता. 22 ऑगस्ट 1893 रोजी प्रिटोरियात, चोविसाव्या वाढदिवसाआधी, गांधींनी ‘प्राणवान’, म्हणजे न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग सुरू केला. लंडनच्या शाकाहारी मंडळाचे अध्यक्ष ए. एफ. हिल्स यांची ही कल्पना. रोज काय खाल्लं आणि कसं वाटलं, याची टिपणं गांधींनी ठेवली आणि ती मार्च 1894 मध्ये ‘व्हेजिटेरियन’मध्ये छापून आली. प्रयोग दोन आठवडेही टिकला नाही.

1929 च्या उन्हाळ्यात त्यांनी तो पुन्हा केला, या वेळी साबरमती आश्रमातल्या सोबत्यांना घेऊन. ‘यंग इंडिया’त त्यांनी स्वतःच्या आहाराचं मापच दिलं: मोड आलेले गहू 8 तोळे, वाटलेले बदाम 8 तोळे, पालेभाजी 8 तोळे, 6 लिंबं आणि 2 औंस मध. आठ तोळे म्हणजे सुमारे 93 ग्रॅम. आजच्या कोष्टकांनी बेरीज केली, तर दिवसाचे उष्मांक हजाराच्या आसपास भरतात. साठीच्या उंबरठ्यावरच्या आणि दिवसभर राबणाऱ्या माणसाला ते अपुरेच होते. ऑगस्टमध्ये त्यांना आव झाली, अशक्तपणा आला आणि ते शेळीच्या दुधाकडे परतले. हेही त्यांनी छापून सांगितलं.

त्यांनी कच्चं अन्न सोडलं मात्र नाही. 1942 मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात लिहायला घेतलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात पालेभाजी आणि सॅलड कच्चं खावं, असा सल्ला आहे, पण बाकीच्या आहाराच्या जोडीने. मार्च 1946 मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचाराचं काम सुरू केलं. तिथला आश्रम मणिभाई देसाई यांनी उभा केला आणि तो आजही चालू आहे. ‘सगळंच कच्चं’ ते ‘थोडं रोज कच्चं’ हा गांधींचा प्रवास तब्बल पन्नास वर्षांचा आहे.

शरीराचा हिशेब

जर्मनीतल्या गीसेन इथल्या संशोधकांनी 1999 मध्ये दीर्घकाळ कच्चाहार घेणाऱ्या 513 स्त्री-पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्त्रियांचं वजन सरासरी 12 किलोने आणि पुरुषांचं सुमारे 10 किलोने उतरलेलं दिसलं. पंचेचाळिशीच्या आतल्या जवळपास 30 टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित झाली होती किंवा थांबलीच होती. वजन उतरणं ही नेहमीच चांगली बातमी नसते.

कारण साधं आहे. शिजवल्याने पिष्ट पदार्थ फुगतात, पेशींच्या भिंती सैल होतात आणि पोटाला कमी श्रमात जास्त ऊर्जा मिळते. गाजरातलं कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन तेला-तुपात थोडं परतल्यावर अधिक मिळतं. उलट क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं, म्हणून लिंबू, पेरू, आवळा, कोथिंबीर कच्चीच बरी. मोड आणल्याने धान्यातलं फायटेट कमी होऊन लोह सुटं होतं आणि वर लिंबू पिळलं तर ते अधिक शोषलं जातं. जेवणाला लागून घेतलेला चहा मात्र ही कमाई बुडवतो.

ब-12 जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही. दूध-दहीही सोडणाऱ्या कच्चाहारी माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक गोळी घेतलीच पाहिजे.

काही गोष्टी कच्च्या खायच्याच नसतात. राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं. थोडे कच्चे दाणेही उलट्या-जुलाब घडवतात, म्हणून तो भिजवून, पाणी बदलून, खळाखळा उकळायचा. रोजचा पालकाचा मोठा पेला ऑक्झलेटमुळे मूतखड्याच्या रुग्णाला महागात पडतो. मोडांमधला ओलावा आणि ऊब जंतूंनाही मानवते. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायने पन्नासहून अधिक माणसं दगावली. गर्भवती, लहान मुलं आणि वृद्ध यांच्यासाठी मोड वाफवलेलेच असावेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने अन्न बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कारण खाणं घटलं आणि औषध तेच राहिलं तर साखर धोकादायक खाली येते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरीनवर असणाऱ्यांनाही पालेभाजीचं प्रमाण अचानक वाढवून चालत नाही.

एक ओटा, अनेक पानं

घरात सर्वांत आधी प्रश्न विचारायला हवा तो चिरायचं कोणी हा. एका माणसाचं कच्चं जेवण म्हणजे धुणं, सोलणं, किसणं, वाटणं यांचा तासाभराचा खटाटोप. स्वयंपाक ज्या बाईवर आहे तिच्यावर हे वाढीव काम टाकून कुणी निसर्गाकडे परतत असेल, तर तो परतण्याचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर मांडतो. कच्चाहार ज्याचा, विळी त्याची, हा पहिला नियम.

दुसरा नियम, वेगळा बाजार करायचा नाही. मटकीला मोड आणले की उसळीची फोडणी पडण्याआधी वाटीभर बाजूला काढायची. कोबी चिरला की भाजीआधी मूठभर पचडीला. खोबरं खवलं की थोडं दाण्याच्या कुटासोबत काकडीवर. कोशिंबिरीला वरून फोडणी घालायची असेल, तर आधी एक वाटी वेगळी. अशाने एकाच चिरण्यातून सगळ्यांची पानं भरतात. घरी मांस-मासे होत असतील, तर त्यांची सुरी आणि फळी कायमची वेगळी, कारण कच्च्या भाजीला नंतर जंतू मारणारा विस्तव भेटत नाही.

तिसरा नियम, रोज एक जेवण सगळ्यांनी मिळून. रात्री सगळे एकत्र बसत असतील, तर कच्चाहारी सदस्याने न्याहारी आणि दुपार आपली ठेवावी, रात्री वरण, भाकरी किंवा खिचडी घरासोबत घ्यावी. भूक भागते आणि घरही सुटत नाही. उरलेल्या घरानेही थोडं सरकावं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार 2000 उष्मांकांच्या आहारात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं हवीत. आपल्यापैकी बहुतेकांच्या पानात एवढं येत नाही. एका सदस्याच्या हट्टामुळे घरभर रोज मोठी वाटीभर कोशिंबीर वाढू लागली, तर तो हट्ट सगळ्यांना लाभला म्हणायचा.

सणावारी आग्रहाचा प्रश्न येतो. दिवाळीला एकीकडे चकली-चिवडा, दुसरीकडे मठिया, चोळाफळी, घुघरा. नकार द्यायचा तर पदार्थाला द्यावा, करणारीला देऊ नये. एक चकली खाल्ल्याने व्रत मोडत नाही. खजूर-खोबऱ्याचे लाडू स्वतः वळून फराळाच्या ताटात ठेवले, तर पाहुणे नक्की विचारतात आणि उपदेशावाचून विषय निघतो.

सुरुवात करायला दिवाळीनंतरचे तीन-चार महिने उत्तम, कारण तेव्हा बाजार ताजा आणि स्वस्त असतो. आधी वजन, हिमोग्लोबिन, साखर आणि ब-12 तपासून आकडे वहीत लिहावेत. महिनाभर फक्त न्याहारी कच्ची ठेवावी, मग दुपारची कोशिंबीर दुप्पट करावी, आणि फाल्गुनात त्याच तपासण्या पुन्हा कराव्यात. आकडे सुधारले असतील तर पुढे चालावं, हिमोग्लोबिन उतरलं असेल किंवा पाळी बिघडली असेल तर वरणभाताकडे परतावं. घरात वाद झाला, तर वही मधे ठेवून बोलावं.