गिऱ्हाईक कोणाच्या वहीत?

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडी मागे टाकली की पडघा लागते. पडघा, वाहुली, वाशेरे, आमणे हा सगळा पट्टा एकेकाळी भातशेतीचा होता, आज तो गोदामांचा आहे. हे का झाले याची कारणे सरळ आहेत. मुंबईच्या जकातीची हद्द भिवंडीच्या आधीच संपत होती, जमीन त्या मानाने स्वस्त होती आणि महामार्ग दारात होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि करापायी प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची कंपन्यांची गरज कमी झाली. त्यातून थोडी पण अवाढव्य गोदामे बांधण्याकडे कल गेला आणि भिवंडी तालुक्याला त्याचा मोठा लाभ मिळाला. अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांचाही माल इथून हलतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, तोही आमण्यापर्यंत. थोडक्यात, ऑनलाइन खरेदीचा माल देशभर पाठवण्याच्या व्यवस्थेत पडघ्याइतके मोक्याचे गाव शोधून सापडणार नाही. तरीही याच परिसरात उन्हाळ्यात आगरी मसाला कुटून घेणारी बाई, लोणची करणारा बचत गट किंवा कपडे शिवणारा छोटा व्यावसायिक जेव्हा ‘आपणही ऑनलाइन विकू’ म्हणतो, तेव्हा त्याला दारातल्या गोदामाचा काडीचा उपयोग नसतो. त्याच्यापुढचा प्रश्न असतो तो दुकान कुठे मांडायचे हा. अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्ट-मीशोवर, शॉपिफायसारख्या भाड्याच्या जागेत, वर्डप्रेस-वूकॉमर्सवर स्वतःचे, की नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण महिन्याचे भाडे, दिसणे आणि सोय पाहून देतात. माझ्या मते ही तिन्ही मापे दुय्यम आहेत. पहिले माप एकच: हा मंच उद्या सोडायचा ठरला, तर आपले गिऱ्हाईक आपल्याबरोबर येईल का? ‘नाही’ असे उत्तर असेल, तर आपण तिथे दुकानदार नसून पुरवठादार आहोत, हे समजूनच तिथे जावे. पुरवठादार असण्यात कमीपणा काहीच नाही, पण त्याचे गणित वेगळे असते. भिवंडीला हे नव्याने सांगायला नको. इथल्या यंत्रमागधारकांपैकी फार मोठा वर्ग मजुरीवर विणतो. सूत व्यापाऱ्याचे, कोरे कापड व्यापाऱ्याचे, मागधारकाला मीटरमागे मजुरी. कापड कोणाच्या अंगावर गेले हे त्याला ठाऊक नसते, त्यामुळे दर कोसळला तरी तो दुसऱ्या दारात जाऊ शकत नाही. माग त्याचे, वीजबिल त्याचे, पण बाजार दुसऱ्याचा. अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या बाजारमंचावर माल ठेवणारा विक्रेता नेमका याच जागी उभा असतो. ऑर्डर येते, माल जातो, पैसे खात्यात पडतात, पण घेणाऱ्याशी पुढच्या विक्रीसाठी परस्पर संपर्क करायला मंचाच्या नियमांनी मनाई असते. शंभर जणांनी मसाला घेतला आणि आवडला, तरी एकशे एकाव्या वेळी शोधाच्या यादीत वर कोण दिसणार, हे मंच ठरवतो.

ही भीती काल्पनिक नाही. दिल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला, त्यात निवडक विक्रेत्यांना झुकते माप मिळते हा आरोप होता. युरोपीय आयोगाने २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनची चौकशी सुरू केली, ती छोट्या विक्रेत्यांची आकडेवारी वापरून कंपनी स्वतःचा माल विकते का, या मुद्द्यावर. डिसेंबर २०२२ मध्ये ते प्रकरण मिटले, तेव्हा विक्रेत्यांची खासगी आकडेवारी स्वतःच्या किरकोळ विक्रीसाठी वापरणार नाही, अशी हमी अ‍ॅमेझॉनने दिली. म्हणजे जगातल्या सर्वांत ताकदवान स्पर्धा-नियामकांनाही हाच प्रश्न महत्त्वाचा वाटला: गिऱ्हाईकाची माहिती कोणाची?

बाजारमंच टाळले म्हणजे सुटलो, असेही नाही. फुकटच्या जागा तर अधिक निसरड्या. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट वेबसाइट तयार करता येत असे आणि देशभरच्या असंख्य छोट्या दुकानदारांनी ती केली होती. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोयच बंद केली. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, आणि तिथे जमवलेले चाहते एका रात्रीत विक्रेत्यांच्या हातून गेले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास एकाच वेळी ठप्प झाले. ज्याचा धंदा या तिघांवरच होता, त्याला आज दुकान बंद आहे एवढे सांगायलाही जागा उरली नाही. यात कोणी फसवले असे नाही. जागा दुसऱ्याची होती, एवढेच.

आता पैशाचे बघू, कारण तत्त्व कितीही बरोबर असले तरी गल्ल्यात भर पडली पाहिजे. पुढचे आकडे कल्पित आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. समजा अर्धा किलो मसाल्याचे पाकीट ४५० रुपयांना जाते आणि मिरची, गरम मसाला, कांडप, पॅकिंग, मजुरी धरून ३०० रुपये खर्च येतो. हातात १५० उरले. बाजारमंचावर कमिशन, पाठवणी, इतर शुल्के आणि त्या शुल्कांवरचा १८ टक्के जीएसटी मिळून किमतीचा चौथा हिस्सा गेला असे धरा. ११२ रुपये गेले, ३८ उरले. ऑर्डर पाच असोत की पाचशे, पाकिटामागे ३८च. आता स्वतःचे दुकान, शॉपिफायसारख्या भाड्याच्या मंचावर, महिना १,८०० रुपये धरून. पैसे स्वीकारणारा गेटवे साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो. बाहेरचा गेटवे वापरल्याबद्दल खालच्या योजनेत मंचही आणखी दोन टक्क्यांच्या आसपास घेतो. दोन्ही मिळून २० रुपये. कुरिअर ६५. महिन्याला ३० ऑर्डरी असतील तर भाड्याचा वाटा पाकिटामागे ६० रुपये होतो, आणि १५० पैकी जेमतेम ५ रुपये उरतात. २०० ऑर्डरी असतील तर भाड्याचा वाटा ९ रुपयांवर येतो आणि ५६ उरतात. दोन्ही मार्ग समसमान ठरतात ते साधारण ६५-७० ऑर्डरींच्या आसपास. त्याखाली स्वतःचे चकचकीत दुकान हा तोट्याचा हौसेचा मामला आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

पण या हिशेबात एक खर्च मुद्दाम धरलेला नाही, तो जाहिरातीचा. अनोळखी माणसाला फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीतून दुकानात आणायचे, तर एका पाकिटावर सुटणारे पैसे त्यातच जाऊ शकतात. मग स्वतःच्या दुकानाला अर्थ कधी येतो? तोच माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दर तीन-चार महिन्यांनी परत येतो तेव्हा. दुसऱ्या खेपेला जाहिरात लागत नाही, फक्त ‘नवा मसाला आला’ एवढा निरोप लागतो. आणि निरोप धाडायला नंबर आपल्याकडे हवा. म्हणून गिऱ्हाईक कोणाच्या वहीत आहे, हा प्रश्न स्वाभिमानाचा वाटला तरी मुळात नफ्याचा आहे. मसाला, लोणचे, घाण्याचे तेल, पूजेचे साहित्य असा पुन्हा पुन्हा लागणारा माल असेल, तर वही आपली हवी. उलट मोबाइलचे कव्हर किंवा एकदाच घ्यायची शोभेची वस्तू विकणाऱ्याला वहीचा फायदा थोडा. त्याने खुशाल बाजारमंचावर जावे.

मालाचा आकारही असाच दुर्लक्षित राहतो. कुरिअरवाला वजन दोन प्रकारे मोजतो, काट्यावरचे आणि आकारमानाचे, आणि जास्त भरेल ते धरतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५,००० ने भागतात. ३० बाय ३० बाय २० चा खोका ३.६ किलोचा धरला जातो, आत किलोभरच कुरडया असल्या तरी. त्यामुळे कुरडई-पापड दूर पाठवणे अनेकदा आतबट्ट्याचे होते, मसाल्याचे तसे होत नाही. मंच निवडण्याआधी खोका मोजावा.

‘पण गर्दी तर अ‍ॅमेझॉनवरच आहे, आडरानातल्या आपल्या दुकानात कोण येणार?’ हा सर्वांत वजनदार आक्षेप, आणि तो खोटा नाही. नवख्याला ओळख मिळवून द्यायला बाजारमंचासारखे साधन नाही. शिवाय आता तिथला प्रवेशही पूर्वीइतका महाग राहिलेला नाही. मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांचे कमिशन शून्यावर आणले. एप्रिल २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉननेही ३०० रुपयांखालच्या बऱ्याच वस्तूंवरचे कमिशन काढले. (शून्य कमिशन म्हणजे शून्य खर्च नव्हे. पाठवणी, जाहिरात आणि परत आलेल्या मालाचा खर्च उरतोच.) तेव्हा बाजारमंचावर जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. ओळखीसाठी जावे, संसार तिथे थाटू नये. यात कायदाच थोडी मदत करतो. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार पाकीटबंद मालावर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. मंचाचे नियम पाकिटात ‘थेट आमच्याकडून घ्या’ अशी चिठ्ठी घालू देत नाहीत, पण पाकिटावर नाव-गाव ठसठशीत छापायला कोणाचीच हरकत नाही. ज्याला चव आवडली तो नाव शोधत येतो. शोधल्यावर त्याला काही सापडले मात्र पाहिजे.

दुसरा आक्षेप कराचा: बाजारमंच निदान सगळे कागद करून घेतो. इथे कायदा छोट्या माणसाच्या बाजूने थोडा सैल झाला आहे, हे अनेकांना माहीत नाही. पूर्वी बाजारमंचावर एक वस्तू विकायची तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून, राज्याच्या हद्दीतच माल विकणाऱ्या आणि उलाढाल मर्यादेखाली असणाऱ्या विक्रेत्याला केवळ नावनोंदणी क्रमांकावर विकता येते; मालासाठी महाराष्ट्रात ही मर्यादा ४० लाखांची आहे. स्वतःच्या दुकानातून राज्यातच विकणाऱ्यालाही तीच मर्यादा लागू. मात्र एक करपात्र पाकीट जरी सुरतला किंवा बेळगावला विकले, तर नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना तेवढी सूट आहे. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयची नोंदणी कुठेही विका, हवीच. पडघ्याच्या मसाल्याला पहिली दोन वर्षे मुंबई, ठाणे, नाशिक, पुणे एवढा मुलूख पुरून उरेल. देशभर विकण्याची घाई बहुधा मंचाच्या जाहिरातीने लावलेली असते.

ओएनडीसी या सरकारी पुढाकाराच्या जाळ्याबद्दलही विचारले जाते. खरेदीचे अ‍ॅप वेगळे, विक्रीचे वेगळे, आणि विक्रेता एकदा नोंदला की अनेक अ‍ॅपवर दिसेल, ही कल्पना या लेखातल्या तत्त्वाच्या जवळची आहे. पण गिऱ्हाईकाची ओळख तिथेही खरेदीच्या अ‍ॅपकडेच राहते. जोडीला ठेवावे, भिस्त ठेवू नये.

राहिले व्हॉट्सअ‍ॅप. महिन्याला तीस-चाळीस ऑर्डरी असतील तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआय एवढ्यावर धंदा चांगला चालतो, आणि बहुतेकांनी सुरुवात इथूनच करावी असे माझे मत आहे. यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, जाहिरात न केल्यामुळे येणारे गिऱ्हाईक ओळखीचे, आणि रोखीने माल मागवून दारातून परत पाठवणारे कमी. धोका एकच, सगळी वही एका फोनमध्ये असणे. तेव्हा नाव, नंबर, काय घेतले, कधी घेतले याची यादी फोनबाहेर एखाद्या साध्या तक्त्यात दर आठवड्याला उतरवून ठेवावी. निरोप मात्र ज्यांनी ‘हो’ म्हटले त्यांनाच. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा बाजूला ठेवला, तरी न विचारता शेकडो निरोप धाडणाऱ्याचा नंबर व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच बंद करते.

ऑर्डरी सत्तरच्या पुढे गेल्या की मग दुकान. तेव्हा शॉपिफाय की वूकॉमर्स हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. वूकॉमर्स फुकट आहे, पण सर्व्हर, दुरुस्ती आणि सुरक्षितता आपल्या गळ्यात. शॉपिफाय भाडे घेते आणि ती कटकट स्वतःकडे ठेवते. घरात वेबसाइटचे जाणणारे कोणी असेल तर पहिले, नसेल तर दुसरे. दोन्हींतून गिऱ्हाइकांची आणि ऑर्डरींची यादी काढून घेता येते, आणि दोन्ही आपल्या पहिल्या मापाला उतरतात ते एवढ्यामुळेच. इतर कोणताही मंच घेताना पैसे भरण्याआधी दोन-चार खोट्या ऑर्डरी टाकून ती यादी स्वतः उतरवून पाहावी. मंच विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

सर्वांत मोठा घोळ मात्र मंच निवडण्याआधीच होतो, आणि तो नावात होतो. वेबसाइट करून देणारा तरुण डोमेन स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या ईमेलने घेतो. वर्षाने तो नोकरीला लागतो, फोन उचलत नाही आणि दुकानाची पाटीच परक्याच्या नावावर राहते. डॉट इन डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आतच खर्च येतो. दुकान पुढच्या वर्षी काढायचे असले तरी डोमेन आजच घ्या, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर, आणि पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या.