सहा टोकं आणि तीन पट्ट्या

शंभर हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण लोडवर साधारण 130 अँपिअर घेते. तीच मोटर उभी असताना 415 व्होल्टच्या लाइनवर थेट टाकली, तर पहिल्या क्षणी 800 अँपिअरच्या आसपास खेचते. अजून एक फेराही फिरलेली नसताना सहापट! शेडमधले दिवे मंदावतात, कपलिंगला हिसका बसतो.

असं का होतं? चार पोलच्या मोटरमध्ये स्टेटरचं चुंबकीय क्षेत्र वीज येताच मिनिटाला 1500 फेरे घेऊ लागतं. रोटर मात्र जागेवरच असतो. त्याच्या सळ्यांवरून ते क्षेत्र पूर्ण वेगाने सरकत जातं आणि सळ्यांत प्रचंड करंट उसळतो. रोटर 1480 फेऱ्यांवर पोचला की फरक उरतो अवघ्या 20 फेऱ्यांचा. सळ्यांत तयार होणारं व्होल्टेज 75 पटींनी घटतं. मोटरला आवर घालतो तो तिचा स्वतःचाच वेग! सांभाळायचे ते वेग येईपर्यंतचे काही सेकंद.

त्यावर स्टार-डेल्टा स्टार्टरने काढलेली तोड मला आजही थक्क करते. मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा (वीज बंद करून, अर्थातच). आत सहा बोल्ट, तिन्ही वाइंडिंगची दोन-दोन टोकं. खालच्या रांगेत यू-1, व्ही-1, डब्ल्यू-1. वरच्या रांगेत त्याच क्रमाने यू-2 येत नाही, तर डब्ल्यू-2, यू-2, व्ही-2. रांग मुद्दाम एक घर सरकवलेली. त्यामुळे तीन पितळी पट्ट्या उभ्या लावल्या की आपोआप डेल्टा होतो, आणि वरची तिन्ही टोकं आडवी जोडली की स्टार. केवढी नेमकी मांडणी!

स्टार्टर बसवताना या पट्ट्या काढतात आणि त्यांचं काम काँटॅक्टर करतात. आधी स्टार: प्रत्येक वाइंडिंगला 415 ऐवजी 240 व्होल्ट मिळतात आणि लाइनचा करंट एक तृतीयांशावर येतो. मग टायमर स्टार सोडतो, डेल्टा पकडतो. दोन्ही एकदम लागले तर थेट शॉर्ट, म्हणून मध्ये इंटरलॉक. टायमर घाईने लावला तर वेग येण्याआधीच डेल्टा लागतो आणि टाळलेला झटका पुन्हा दारात.

किंमतही मोजावी लागते. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे तोही एक तृतीयांश. सेंट्रिफ्यूगल पंपाला तेवढा पुरतो, कारण कमी वेगात त्याचा भार हलका असतो. दगडांनी भरलेला क्रशर मात्र हलतही नाही. ऑटोट्रान्सफॉर्मर असो वा थायरिस्टरचा सॉफ्ट स्टार्टर, व्होल्टेज कमी करणाऱ्या कुणालाच या वर्गाच्या नियमातून सुटका नाही.

अशा ठिकाणी स्लिप-रिंग मोटर लावतात आणि रेझिस्टन्स रोटरच्या सर्किटमध्ये घालतात. त्याने करंट घटतो आणि सुरुवातीचा टॉर्क चक्क वाढतो. मोठ्या मोटरला हा रेझिस्टन्स म्हणजे बऱ्याचदा टाकीभर पाणी असतं, धुण्याचा सोडा विरघळवलेलं. त्यात इलेक्ट्रोड हळूहळू जवळ आणत नेले की मोटर वेग घेत जाते.