ऑलिम्पिकची जागा कुणाची: देशाची की खेळाडूची?



मुंबईत, सांताक्रूझ पूर्वेला आमच्या वाकोल्यात, संध्याकाळी इमारतींच्या आवारात मुली चाकांचे स्केट बांधून गोल गोल फिरताना दिसतात. बुटाखाली चाकांऐवजी पोलादी पातं लावलं आणि सिमेंटऐवजी बर्फ असला, की त्याला म्हणतात आइस स्केटिंग. त्यातलाच एक प्रकार फिगर स्केटिंग. संगीताच्या तालावर उड्या आणि गिरक्या घ्यायच्या, पंच गुण देणार, पडलात तर गुण कापणार. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये हा खेळ असतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावाला बर्फाशी काय घेणं? घेणं आहे. या खेळात ऑलिम्पिकसाठी निवड कशी होते ते कळलं, की तालुक्याच्या कबड्डी संघात आपली मुलगी का घेतली किंवा का वगळली, हे विचारायची पद्धतही कळते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. फिगर स्केटिंगमध्ये ऑलिम्पिकची जागा खेळाडूच्या नावानं मिळत नाही, देशाच्या नावानं मिळते. आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत त्या देशाच्या मुली कितव्या आल्या, त्यावर त्या देशाला एक, दोन की तीन जागा, हे ठरतं. तीनपेक्षा जास्त कुणालाच नाहीत. त्या जागांवर कुणाला पाठवायचं, हे त्या देशाची संघटना स्वतःच्या नियमानं ठरवते. खरी ओढाताण इथेच होते.

२०१३ च्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची ॲशली वॅगनर पाचवी आणि ग्रेसी गोल्ड सहावी आली. दोघींच्या क्रमांकांची बेरीज अकरा. बेरीज तेरा किंवा कमी असली की तीन जागा, म्हणून अमेरिकेला तीन जागा मिळाल्या. जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा झाली. ॲशली दोनदा पडली आणि चौथी आली. तिसरी आली मिराई नागासू. तिचे आईवडील जपानी जेवणाचं हॉटेल चालवत होते. संघात मात्र मिराई नव्हती, ॲशली होती. संघटनेचा नियमच असा होता, की फक्त राष्ट्रीय स्पर्धा बघायची नाही, आधीची आंतरराष्ट्रीय कामगिरीही बघायची. त्या हिशेबात ॲशली पुढे होती.

आता आपल्याकडे या. नेमबाजीतही जागा देशाचीच असते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला आणि भारताला पॅरिस ऑलिम्पिकची जागा मिळवून दिली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पण आपल्या रायफल संघटनेनं एप्रिल-मे २०२४ मध्ये दिल्ली आणि भोपाळला निवड चाचण्या घेतल्या. त्यांत संदीप सिंग आणि अर्जुन बबुता पुढे राहिले आणि तेच पॅरिसला गेले. रुद्रांक्ष घरी राहिला. त्याच कैरोच्या स्पर्धेत पन्नास मीटर रायफलची जागा मिळवणारा स्वप्नील कुसाळे मात्र चाचण्यांतही टिकला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकला.

बघा, अमेरिकेत जागा मिळवून देणारी गेली आणि निवडीच्या स्पर्धेत पुढे आलेली राहिली. आपल्याकडे चाचणीत पुढे आलेले गेले आणि जागा मिळवून देणारा राहिला. कुठला नियम बरा? एका चाचणीवर सगळं ठेवलं, तर त्या दिवशी ताप आलेल्या मुलीची वर्षभराची मेहनत पाण्यात जाते. मागची कामगिरी धरली, तर नव्यानं पुढे आलेलीला दार बंद होतं आणि समितीच्या मर्जीला वाव राहतो. कुठलाही नियम घेतला तरी कुणी तरी रडणारच. म्हणून नियम आधी लिहून जाहीर झालेला असणं फार महत्त्वाचं. काय मोजणार हे माहीत असलं, तर मुलगी त्याची तयारी करते, आणि वगळली गेली तर कशामुळे ते तिला कळतं.

मिराईनं खेळ सोडला नाही. २०१८ च्या संघात ती निवडली गेली. समोर तोंड करून उडी घ्यायची आणि हवेत साडेतीन गिरक्या मारून उतरायचं, अशी अवघड उडी ऑलिम्पिकमध्ये यशस्वी करणारी ती पहिली अमेरिकन महिला ठरली. पण चार वर्षं थांबणं सगळ्यांना परवडत नाही. सरावाचा खर्च असतो, वय पुढे सरकतं. आपल्याकडे तर तोवर लग्नाचा विषयही निघतो.

म्हणून मैत्रिणींनो, मुलगी शाळेच्या, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या निवडीला जाणार असेल, तर आधी चार गोष्टी विचारा. निवड एका दिवसाच्या खेळावर की मागच्या कामगिरीवरही? निवड कोण करणार? वयाचे आणि शाळेचे कोणते दाखले लागतील? आणि निकाल पटला नाही, तर अर्ज कुणाकडे, किती दिवसांत द्यायचा? उत्तरं तोंडी ऐकून घेऊ नका, लेखी मागा. एकटीला विचारायला संकोच वाटत असेल, तर गटातल्या चौघीजणी मिळून जा. आणि हे निकालानंतर नाही, चाचणीच्या आधी विचारा.