भाज्याचे चैत्यगृह पुठ्ठ्यात उभे करताना

दिवाळीच्या सुटीत घरोघर मातीचे किल्ले होतात. मावळात तर लोहगड आणि विसापूर ठरलेलेच. पण याच दोन किल्ल्यांच्या कुशीत, मळवली स्टेशनपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, भाजे गावावरची बुद्धलेणी आहेत, त्यांची प्रतिकृती मात्र सहसा कुणी करीत नाही. यंदा आम्ही चार-पाच कुटुंबांनी मिळून ती केली. बावीसच्या बावीस लेणी नव्हेत, फक्त मधले मोठे चैत्यगृह. आणि तेही आज जसे आहे तसे, समोरची बाजू नाहीशी झालेले. ज्या वाचक बंधुभगिनींना मुलांकडून असे काही करवून घ्यावयाचे असेल, त्यांच्यासाठी हा खटाटोप जरा सविस्तर सांगतो.

आधी मापे. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० साली लेण्यांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ती दिली आहेत. चैत्यगृहाची लांबी ५९ फूट, रुंदी २६ फूट ८ इंच. अष्टकोनी साधे खांब २७, उंची ११ फूट ४ इंच. स्तूपाचा तळाशी व्यास ११ फूट. आम्ही एका फुटाला अर्धा इंच हे प्रमाण धरले. म्हणजे लांबी साडेएकोणतीस इंच, रुंदी तेरा इंचांच्या थोडी वर आणि स्तूप साडेपाच इंचांचा. याच प्रमाणात शेजारचे कार्ल्याचे चैत्यगृह करायला घेतले, तर ते पाच फुटांहून लांब होईल. दोन खोल्यांच्या घरात ते ठेवणार कुठे?

खांब जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचे केले. आठ सारख्या पट्ट्या आखायच्या, नववी अरुंद पट्टी चिकटवण्यासाठी सोडायची, बोथट सुरीने रेघा दाबायच्या आणि घडी घालायची. मुलांचे हात यात पटकन बसतात. पण खांब सरळ उभे करून चालत नाही. भाज्याचे दोन्ही बाजूंचे खांब आत झुकलेले आहेत, प्रत्येक बाजूला सुमारे पाच इंच. आपल्या प्रमाणात हे जेमतेम पाच मिलिमीटर होतात. एवढ्यासाठी कोण तपासायला बसले आहे, असे एक पालक म्हणाले. आमचे मत वेगळे पडले. लाकडी सभागृहात छताचा रेटा पेलायला खांब कलते ठेवीत. दगडात त्याची गरज नव्हती, तरी कोरणाऱ्यांनी ती रीत सोडली नाही. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील त्या कारागिरांच्या हाताची सवय या पाच मिलिमीटरांत आहे. म्हणून पुठ्ठ्याचा तिरपा साचा कापला आणि बाजूचा प्रत्येक खांब त्याला टेकवून चिकटवला.

छत कागदाच्या लगद्याचे. थर्माकोल वापरला नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. छताखालच्या वक्र तुळयांसाठी बांबूच्या बारीक कामट्या रात्रभर भिजवल्या, गोल डब्याभोवती दोऱ्याने बांधून वाळवल्या. इथे एक गोष्ट मुलांना मुद्दाम दाखवावी. भाज्याच्या छताला लाकडी तुळया अजून आहेत, दोन हजार वर्षांनंतरही. त्यांवर ब्राह्मी अक्षरे आढळली आहेत, तेव्हा हे लाकूड कुणी अलीकडे बसवलेले नव्हे. आणि या तुळया कसलाही भार पेलत नाहीत, कारण वर अखंड कातळ आहे. म्हणून प्रतिकृतीतही आधी छत पुरे करावे, कामट्या मग लावाव्यात. खरे लेणे अर्थात आपल्या उलट बनते. आपण जोडत जातो, त्यांनी वरून खाली दगड काढत नेला. लहान मुलांना हे शब्दांनी कळत नाही. त्यांना एक साबणाची वडी आणि चमचा द्यावा.

खरा वाद झाला तो समोरच्या बाजूवरून. भाज्याचा दर्शनी पडदा लाकडाचा होता, तो केव्हाच गेला. उरली आहे ती मोठी उघडी कमान आणि लाकूड अडकवण्यासाठी कातळात केलेली भोके. आमच्यातील एक आजोबा जन्मभर सुतारकाम केलेले. त्यांनी आइसक्रीमच्या काड्यांचा सुबक पडदा करून आणला. त्यांची नात म्हणाली, ''आजोबा, हा तिथं नाहीये.''

''नाही म्हणून तर करतोय ना, बाळा. आपलं लेणं लोकांना मोडकं का दाखवायचं?''

''पण तो असाच होता हे तुम्हाला कुणी सांगितलं?''

आजोबा गप्प झाले. प्रश्न दोघांचाही रास्त होता. आपला वारसा पडका म्हणून हिणवला जाऊ नये, ही आजोबांची कळकळ आम्हाला परकी नाही. परंतु कार्ल्याचा पडदा दगडी म्हणून टिकला, त्यावरून भाज्याचा अंदाज फार तर बांधता येतो. अंदाज खऱ्याच्या जागी बसवू नये. मोडलेले मोडलेले दाखवले, तरच तिथे लाकूड होते हा पुरावा, म्हणजे ती भोके, डोळ्यांसमोर राहतो. शेवटी कमानीत खिळ्याने भोके पाडली आणि कमान उघडी ठेवली. आजोबांचा पडदा शेजारी वेगळ्या पाटीवर मांडला आहे, 'असा असू शकेल' अशा चिठ्ठीसह. स्तूपावर छत्रीही लावली नाही, कारण आज ती नाही.

बाहेर, जरा दक्षिणेला, भिक्खूंच्या स्मृतीचे १४ लहान स्तूप आहेत. काहींवर थेरांची नावे कोरली आहेत, धम्मगिरी, संघदिन अशी. ते आम्ही मातीचे केले. ते मापात नाहीत, फक्त मोजून चौदा आहेत.

रंगाला काळा, थोडा तपकिरी आणि पावसाच्या ओघळांसाठी पातळ पांढरा पुरतो. भिंतींवर पर्यटकांनी खरडलेली नावेही दाखवू या, असे एका मुलाने सुचवले. ते आम्ही टाळले. तशी विद्रूपता करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मात्र मुलांना सांगितले. लगदा वाळायला चार-पाच दिवस कोरडी हवा लागते, तेव्हा हे काम पावसाळ्यात काढू नये.

मांडताना तोंड पश्चिमेकडच्या खिडकीला करावे. भाज्याची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. उघड्या कमानीतून उतरते ऊन आत शिरते आणि खांबांच्या सावल्या फरशीवर आडव्या पडतात. आमच्या घरी ते साडेचारच्या सुमारास होते.