सुरुंग दाखवणारे जिवाणू

कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर काजव्यांनी भरलेली झाडे आपल्यातील अनेक ज्येष्ठांनी पाहिली असतील. असा प्रकाश समुद्रातील काही जिवाणूही देतात. आज शास्त्रज्ञ हा प्रकाश निरोप्यासारखा वापरतात. तो कसा, हे आपण समजून घेऊ.

जिवाणू डोळ्यांना दिसत नाही, मग त्याच्या आत काय चालले आहे हे कसे कळणार? प्रत्येक सजीवाच्या पेशीत जनुके असतात आणि प्रत्येक जनुकाला जणू एक बटण असते. विशिष्ट पदार्थ जवळ आला की विशिष्ट बटण दाबले जाते. शास्त्रज्ञ त्या बटणाला प्रकाश देणारे जनुक जोडतात. मग बटण दाबले गेले की जिवाणू चमकतो आणि आपल्याला निरोप मिळतो.

प्रकाशाचे दोन प्रकार आहेत. एकात जिवाणू काजव्याप्रमाणे स्वतः उजळतो. दुसऱ्यात त्याच्यावर निळा प्रकाश टाकावा लागतो, तेव्हा तो हिरवा दिसतो. हे हिरवे प्रथिन ओसामु शिमोमुरा यांना एका जेलीफिशमध्ये सापडले. त्याची माहिती १९६२ साली प्रसिद्ध झाली. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्याचे जनुक जिवाणूत घालून दाखवले. या दोघांना रॉजर त्सिएन यांच्यासह २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या विद्येचा एक उपयोग आपल्या इस्राएलमध्येच झाला आहे. गोलान आणि आरावा भागांत जुने सुरुंग पुरलेले आहेत. ते काढण्यासाठी कनेसेटने २०११ मध्ये कायदाही केला. पण सुरुंग शोधायचा तर माणसाला धोक्याच्या जमिनीजवळ जावे लागते. सुरुंगातील स्फोटकाची थोडी वाफ मात्र मातीतून सतत वर येत असते.

यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राध्यापक शिमशोन बेल्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाफ लागताच चमकणारे ई. कोलाय जिवाणू तयार केले. ते बारीक मण्यांत बंद करून जमिनीवर पसरले आणि लेझरने दुरून तपासले. चाचणीत पुरलेल्या सुरुंगांच्या जागा अशा रीतीने ओळखता आल्या. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

सुरुंग काढण्याचे काम शेवटी माणसालाच करावे लागेल. पण तो कोठे आहे हे आधी कळले, तर एखाद्याचा पाय आणि कदाचित जीवही वाचेल.