हिऱ्याविषयी काही गैरसमज

तुकोबांच्या अभंगातील ऐरणीवरचा हिरा मराठी मनात असा ठाण मांडून बसला आहे की, खरा हिरा घणाच्या घावाखालीही अखंड राहतो, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. दृष्टांत म्हणून तो निर्विवाद थोर आहे, परंतु त्यावर विसंबून सुरतेच्या महिधरपुऱ्यात कोणी हिऱ्याची परीक्षा घणाने करू लागला, तर पुडीत भुकटीच उरेल. काठिण्य म्हणजे ओरखड्यास होणारा विरोध, आणि त्या बाबतीत मोह्‌स मापावरील 10 हा सर्वोच्च दर्जा हिऱ्याचाच. आघात सोसण्याचा चिवटपणा हा मात्र निराळा गुणधर्म असून, स्फटिकाच्या चार ठरावीक दिशांनी हिरा नेमक्या ठोक्यासरशी दुभंगतो. वराछा-कतारगामच्या कारखान्यांत घंटीवर, म्हणजे हिऱ्याच्याच भुकटीचा लेप दिलेल्या फिरत्या तबकडीवर, खडा टेकविणारा रत्नकलाकार त्याची दिशा पुनःपुन्हा बदलून पाहतो, कारण हे काठिण्यही सर्व दिशांना सारखे नसते आणि भलत्या अंगाने धरलेला खडा घासलाच जात नाही.

घासल्याने आकार बदलतो, वजन घटते, पण भुकटीचा कण न् कण हिराच राहतो. हा भौतिक बदल. तयार हिरे तेजाबात उकळून स्वच्छ करतात तेव्हाही त्यांना काही होत नाही, आणि त्यावरून हिरा अविनाशी असल्याचा भ्रम पसरतो. वस्तुतः तो कर्ब आहे: लाव्हाझिए यांनी 1772 मध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून तो जाळला, आणि 1797 मध्ये स्मिथसन टेनंट यांनी समान वजनाचा हिरा व कोळसा जाळल्यास एकच वायू तितकाच मिळतो, हे दाखविले. हवेत सुमारे 850 अंश सेल्सियसला तो जळू लागतो. म्हणूनच जाणता सोनार डाख देण्यापूर्वी खड्यास बोरिकचा लेप देतो. हवेवाचून याहून पुष्कळ तापविल्यास तो न वितळता ग्राफाइट बनतो, आणि लेसरने कापताना कडेवर येणारा काळेपणा हाच.

सुरतेत हल्ली यंत्रात वाढविला जाणारा हिरा म्हणजे काच, हा समज सर्वांत अन्यायाचा. बाजारातील ‘अमेरिकन डायमंड’ हा झिर्कोनियमचा ऑक्साइड. यंत्रात वाढविलेला हिरा मात्र कर्बच. कमी दाबाच्या पात्रात मिथेनचे रेणू मोडतात आणि मोकळा झालेला कर्ब हिऱ्याच्या पातळ बीजावर थराथराने बसतो. वायूतून घन झाला म्हणून यास केवळ अवस्थांतर म्हणणेही चूक, कारण मिथेन आणि हिरा हे भिन्न पदार्थ आहेत. हा रासायनिक बदल होय. विक्रेत्याने खड्याचा उगम लपविला तर ती फसवणूक खरी, पण त्यापायी खड्याला खोटा ठरविण्यास रसायनशास्त्रात काही आधार नाही.