हायड्रॉलिक होज पाईप : वापर व घ्यावयाची काळजी

वर्धा जिल्ह्यातील काळ्या भारी जमिनीत कपाशीच्या पऱ्हाट्या निघाल्यानंतरची नांगरट आता बऱ्याच प्रमाणावर ट्रॅक्टरने केली जाते. पलटी नांगर उचलणे, तो उलटविणे किंवा शेणखताची ट्रॉली रिकामी करणे, ही कामे तेलाच्या दाबावर चालतात. हिंगणघाटसारख्या कापसाच्या पेठेत रुईच्या गाठी बांधणारे दाबयंत्रही ह्याच तत्त्वावर चालते. ही यंत्रणा श्रम वाचविते, हे खरे. परंतु तिच्यातील धोका डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

दाबाचे सामर्थ्य

बंद नळीतील तेलावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. ट्रॅक्टरच्या यंत्रणेत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 150 ते 200 किलोपर्यंत जातो. ट्रकच्या टायरमधील हवेचा दाब साधारणपणे 7 ते 8 किलो असतो, हे लक्षात घेतल्यास त्याची कल्पना येईल. 50 चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर 150 किलोचा दाब पडला, तर साडेसात हजार किलोचे बळ निर्माण होते. हे सर्व बळ रबराच्या व तारेच्या विणीच्या होज पाईपने पेललेले असते.

बोटाने गळती शोधू नये

पाईपला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले, तर त्यातून निघणारी तेलाची धार पुष्कळदा दिसतही नाही. गळती कोठे आहे हे पाहण्यासाठी पाईपवरून हात फिरविण्याची सवय अनेकांना असते. ही सवय अत्यंत घातक आहे. अशी धार कातडी भेदून सुईप्रमाणे बोटात शिरते व तेल आतल्या आत पसरते. कापडी हातमोज्याने तिला अटकाव होत नाही. गळती शोधावयाची झाल्यास पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा पाईपजवळून फिरवावा. हात दूर ठेवावा व डोळ्यांवर चष्मा लावावा.

दुरुस्तीपूर्वी दाब उतरवावा

इंजिन बंद केले म्हणजे दाब नाहीसा झाला, ही समजूत चुकीची आहे. अवजार उचललेले असेपर्यंत त्याचे वजन तेलावरच असते. म्हणून प्रथम अवजार जमिनीवर टेकवावे, नंतर इंजिन बंद करावे व हायड्रॉलिकचा दांडा दोन्ही बाजूंस काही वेळा हलवावा. तेल निवल्यावरच जोड सैल करावा. उचललेल्या ट्रॉलीखाली काम करणे अपरिहार्य असेल, तर ती आधी रिकामी करून मजबूत आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही तिच्याखाली जाऊ नये. ट्रॉली उचलण्यापूर्वी वर विजेच्या तारा नाहीत, ह्याचीही खात्री करावी.

पाईपची निगा

वैशाखातील उन्हाने रबर कडक होऊन त्यास भेगा पडतात. म्हणून ट्रॅक्टर सावलीत उभा करावा. पाईप कोठे घासतो, पिळतो किंवा मुडपतो काय, हे नांगरट सुरू करण्यापूर्वी पाहावे. फुगलेला, तार उघडी पडलेला अथवा जोडापाशी ओलसर झालेला पाईप त्वरित बदलावा. त्यावर ट्यूबची पट्टी किंवा चिंधी गुंडाळून काम भागवू नये. नवा पाईप मूळच्याइतकाच दाब सहन करणारा असावा. जोड लावण्यापूर्वी त्यावरील माती स्वच्छ पुसावी.

इजा झाल्यास

तेल शिरलेली जखम प्रारंभी मुंगी चावल्यासारखी दिसते व फारशी दुखतही नाही. त्यामुळेच माणूस फसतो. काही तासांत बोट सुजते, ठणकू लागते व आतील मांस मरू लागते. विलंब झाल्यास बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. अशा जखमेवर हळद किंवा चुना लावून घरी थांबू नये. ती पिळू किंवा चोखूही नये. अंगठी व कडे काढून टाकावे, हात स्थिर ठेवावा व रुग्णास ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव असल्याने वाटेत खाण्यापिण्यास देऊ नये. जिल्ह्यात सेवाग्राम येथे कस्तुरबा रुग्णालय व सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे. आष्टी, कारंजा ह्यांसारख्या दूरच्या तालुक्यांतून वर्धेस पोहोचण्यातच बराच वेळ जातो. तेव्हा सूज येण्याची वाट पाहू नये. “दाबाचे तेल कातडीखाली शिरले आहे,” असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे व तेलाच्या डब्यावरील नावही दाखवावे.

पाईप बदलावयास खर्च येतो व ऐन हंगामात कामाचा थोडा खोळंबाही होतो. परंतु पाईप बाजारात पुन्हा मिळतो. गमावलेला हात मिळत नाही. ट्रॅक्टर मालकांनी ही गोष्ट स्वतः ध्यानात ठेवावी आणि चालकास व शेतावरील मजुरांसही समजावून सांगावी.